कोळसा सोडला तेव्हा

आमच्या रंगखान्यात तेरा माणसं काम करतात. चौघे टाक्यांवर, आठ बायका सुताच्या लडी सोडवायला, वाळवायला आणि बांधायला, आणि बॉयलरवर एक फायरमन. रंगांचं माप मी काढते. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले, लग्न करून या घरात आले आणि महिन्याभरात सासऱ्यांनी मला रंगांच्या तराजूसमोर उभं केलं. अजून तिथेच आहे. पुढच्या शेडमध्ये चादरी-टॉवेलचे माग आहेत, ते माझे दीर बघतात. नवरा बँकेत नोकरी करतो आणि कारखान्यात लक्ष घालत नाही, त्यामुळे दीर आणि मी निवांत भांडू शकतो.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर आमचं जे भांडण झालं ते रंगखाना ठेवायचा की नाही यावरून.

"वहिनी, बॉयलर भंगारात काढू," भाऊजी म्हणाले. "सूत इचलकरंजीहून रंगवून आणू. तिथे मोठी प्रोसेस हाउसं आहेत. आपण फक्त विणू."

"आणि तेरा माणसं?"

"दोघं-तिघं मागांवर सामावतील. बाकीच्यांना मिळेल की कुठेतरी. सोलापुरात कामं काय कमी आहेत?"

"आहेत ना. तुम्ही पेपरात वाचता ती."

भाऊजी वाईट मनाचे नाहीत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, आणि तेच मला त्रासदायक वाटत होतं. कोळशावर पूर्वी टनामागे एक ठरावीक कर असायचा. धूर करणाऱ्याने पैसे भरावेत, म्हणजे तो धूर कमी करेल, असा त्यामागचा विचार. विचार म्हणून मला तो पटतो. पण कर टनावर होता. बड्या गिरण्या चांगला कोळसा घेतात, तो कमी लागतो. आमच्यासारखे लोक हलका घेतात, त्यात निम्मी राख, म्हणून तो जास्त लागतो. कर मात्र दोन्ही टनांवर सारखाच. म्हणजे राखेवरही आम्ही कर भरत होतो. मग त्या कराचं नाव बदललं. पुढे तो काढून टाकला आणि जीएसटीचा टक्का वाढवला. वर्तमानपत्रात लिहून आलं की आता कोळसा स्वस्त होणार. आमच्या कोळसेवाल्याने तेच वर्तमानपत्र वाचलं असावं, पण भाव उतरवला नाही.

त्यात नवीन फॉर्म आला. आमचे टॉवेल एक व्यापारी युरोपात पाठवतो. टॉवेलवर तिकडे अजून तसा धुराचा कर नाही, लोखंड-सिमेंटवर आहे, असं तो म्हणाला. पण गिऱ्हाइकं आतापासूनच विचारायला लागलीत. एक किलो सूत रंगवायला किती कोळसा जळतो, ते लिहून द्यायचं होतं. आम्ही कधी मोजलंच नव्हतं. मी आठवडाभर मोजलं आणि आलेला आकडा भाऊजींना दाखवायच्या आधी स्वतःच दोनदा तपासला, कारण तो मला लाजिरवाणा वाटला.

व्यापारी फोनवर म्हणाला, "मॅडम, पुढची ऑर्डर बिनकोळशाच्या सुताची हवी. जमत नसेल तर सांगा, राग नाही."

तुराट्या, भुईमुगाची टरफलं, उसाची चिपाडं असं शेतातलं उरलंसुरलं दाबून मनगटाएवढ्या जाड कांबी करतात, त्यांना ब्रिकेट म्हणतात. दुधनीकडे एकाने तो कारखाना टाकला होता. त्याच्याकडून एक ट्रक मागवायचा असं मी ठरवलं. भाऊजींनी अट घातली.

"एक ट्रक. एक लॉट. जमलं तर बोलू. नाही जमलं तर महिनाअखेरीला बॉयलर बंद, आणि मग तुम्ही मला माणसांचं सांगायचं नाही."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

ट्रक शनिवारी दुपारी आला. ऑर्डरच्या सुताचा लॉट सोमवारी रंगाला लागायचा होता. उरलेला कोळसा शेडमध्ये हलवला आणि ब्रिकेट त्याच्या जागेवरच, बॉयलरच्या मागच्या उघड्या अंगणात रचले. फायरमन मामांनी एक हातात घेऊन फिरवून पाहिला, वास घेतला.

मामा मैंदर्गीचे. घरी कानडी, कामावर मराठी. माझ्या लग्नाआधीपासून ते याच बॉयलरसमोर उभे आहेत. वाफेचा काटा न बघता, नुसत्या आवाजावरून ते दाब सांगतात आणि मी काटा बघून खात्री करते तेव्हा त्यांना राग येतो.

"हे बिस्किट खाऊन बॉयलर चालंल म्हणता?" त्यांनी विचारलं.

"चालवायचाय, मामा. नाहीतर बंद होणार आहे."

"मालक म्हनले व्हय तसं?"

"म्हणाले."

त्यांनी तो ब्रिकेट ढिगावर परत ठेवला, फेकला नाही. "मग चालंल की," म्हणाले.

संध्याकाळी सगळे निघाले. रविवारची सुट्टी. मी स्कूटर काढत होते, तेव्हा मामा रबरी पाइप ओढत मागच्या अंगणात चालले होते. उन्हाळ्यात आमच्याकडे हे दर शनिवारी व्हायचं. हलक्या कोळशाचा ढीग सोलापूरच्या उन्हात आतून तापतो, कधी कधी आपोआप धुमसायला लागतो. सुट्टीच्या दिवशी बघायला कोणी नसतं, म्हणून शनिवारी ढीग भिजवून जायचं. ही शिस्त माझ्या सासऱ्यांनी घालून दिलेली आणि मामांनी एकदाही न चुकवलेली.

मी हेल्मेट घालता घालता ओरडून सांगितलं, "मामा, कडेनंपण मारा. मागच्या वेळी कडेनं धूर आला होता."

"मारतो की," ते म्हणाले.

आणि मी घरी गेले.

सोमवारी सकाळी सहाला मामांचा फोन आला. ते फोन कधी करत नाहीत. "बाई, जरा येऊन बघता का," एवढंच म्हणाले.

अंगणात ढिगाच्या जागी भुशाचा चिखल होता. ब्रिकेट पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात, हे दुधनीवाल्याने मला सांगितलं होतं. बिलामागे छापलंही होतं. मी ते वाचलं होतं. मामा कडेला उभे होते आणि त्यांच्या हातात फावडं होतं, पण ते काही करत नव्हते.

"रविवारभर फुगलं आसंल," ते म्हणाले. "मी दाबून दाबून मारलं पानी. लई मारलं."

"मीच सांगितलं मारायला."

"तुमी कडंचं सांगितलं. मदलं माजं."

हे वाटून घेण्यात वेळ घालवण्यासारखी परिस्थिती नव्हती. मी चप्पल काढली आणि ढिगावर चढले. पाय घोट्यापर्यंत रुतला. त्याखाली मात्र काहीतरी टणक लागलं. हाताने उकरलं, तर वीतभर लगद्याखाली ब्रिकेट कोरडे होते. वरच्या थराने पाणी पिऊन फुगून आपलंच झाकण तयार केलं होतं.

एवढ्यात भाऊजी आले. ते रोज नऊला येतात, त्या दिवशी साडेसहाला आले. लॉट कसा लागतो ते बघायचं असणार. त्यांनी ढीग बघितला, मामांकडे बघितलं, अनवाणी उभी असलेली मला बघितलं.

"कुणी केलं हे?"

मामा पुढे झाले. मी म्हणाले, "पाणी मारायला मी सांगितलं. शनिवारी."

"तुम्ही? तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. सवयीनं बोलून गेले."

त्यांनी शेडकडे बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "शेडमध्ये दोन दिवसांचा कोळसा पडलाय अजून. लावा कोळशावर. फॉर्मवर ब्रिकेट लिहा. ट्रक आलाय, बिल आहे. कोण येतंय बघायला?"

खरं सांगायचं तर मी क्षणभर विचार केला. ऑर्डर वाचली असती. पण खोटं एकदा लिहून भागत नाही. दरवर्षी फॉर्म येणार, दरवर्षी कोळसा जाळून ब्रिकेटचं बिल जमवायचं, आणि ज्या दिवशी कोणीतरी दोन्ही कागद शेजारी ठेवील त्या दिवशी रंगखानाच काय, मागही बंद.

"नको," मी म्हणाले. "एक ट्रक, एक लॉट असं ठरलंय. ट्रक आलेला आहे. लॉट लावते."

"ह्या शेणावर?"

"ह्याच्या खालच्यावर."

ते खांदे उडवून मागांकडे गेले. आठ वाजता बायका आल्या. त्यांच्यातली सगळ्यात मोठी, जिला सगळे अक्का म्हणतात, ती आणि मी साधारण एका वयाच्या. तिच्या घरी तेलुगू बोलतात, तिच्या माहेरी-सासरी दोन्हीकडे सगळे विणकर. तिने पदर खोचून ढिगाकडे बघितलं.

"वहिनी, हे काय, गौऱ्या थापायच्या का आज?"

"निवडायचंय. टणक असेल ते एकीकडे, मऊ असेल ते दुसरीकडे."

"तांदूळ निवडायला घेतले तर निदान भात तरी मिळतो," ती म्हणाली आणि खाली बसली. बाकीच्या सात तिच्यामागे बसल्या.

दहापर्यंत ढिगाचे दोन भाग झाले. चांगले ब्रिकेट अर्ध्याहून थोडे जास्त निघाले. मी हिशेब केला. लॉटमध्ये गडद निळा रंग होता, पाणी बराच वेळ गरम ठेवावं लागतं आणि नंतर दोनदा उकळत्या पाण्यात धुवावं लागतं. जेवढं जळण होतं तेवढ्यात रंग चढला असता, पहिली धुलाई झाली असती, आणि दुसरीच्या मध्येच वाफ संपली असती. अर्धवट धुतलेलं सूत म्हणजे गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या बाथरूममध्ये निळे पाय.

मामांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जळन वाडत न्हाई. खानं कमी करा."

"कशाचं खाणं?"

"बॉयलरचं. गार पानी देता त्याला. गार पानी तापवन्यातच निम्मा जीव जातोय."

हे मला पुस्तकातून माहीत होतं. बॉयलरची वाफ आमच्या टाक्यांच्या तळाशी असलेल्या बंद नळ्यांतून फिरते. फिरून थंड झाली की तिचं पाणी होतं, चांगलं कढत आणि स्वच्छ. कुठल्याही शहाण्या कारखान्यात ते पाणी परत बॉयलरला देतात. आमच्याकडे ते भिंतीबाहेरच्या नळाला जोडलेलं होतं आणि रोज पाच वाजता बायका त्या नळावर डबे-कळशा लावायच्या. हातावरचा रंग गार पाण्याने निघत नाही. शिवाय घरी न्यायचं, म्हणजे अंघोळीला, कपड्यांना जळण लागत नाही. पगार ठरवताना हे पाणी कोणी बोलून दाखवत नसे, पण नव्या बाईला कामावर घेताना जुनी बाई आधी तो नळ दाखवायची.

मी अक्काला गाठलं.

"आजचं गरम पाणी मला पाहिजे. सगळं. बादल्यांनी बॉयलरच्या टाकीत ओतायचं."

तिने माझ्याकडे बघितलं. तिची मुलगी बाळंतपणाला आलेली होती. बाळ अठरा दिवसांचं. हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं.

"आजचंच?" तिने विचारलं.

"आज तरी."

"'आज तरी' म्हणजे उद्याचं पण."

"लॉट झाला तर उद्या आहे, अक्का. नाही झाला तर महिनाअखेरपर्यंत हवं तेवढं पाणी घेऊन जा, नंतर नळही नाही आणि बॉयलरही नाही."

तिने तेलुगूत काहीतरी म्हटलं, ते माझ्यासाठी नसावं. मग मागे वळून मोठ्याने म्हणाली, "बायांनो, बादल्या काढा गं. वहिनींच्या बॉयलरला न्हाऊ घालायचंय."

दुपारभर आठ बायका नळापासून बॉयलरच्या टाकीपर्यंत रांग करून उभ्या होत्या. बादली हातोहात जायची आणि रिकामी परत यायची. टाक्यांवर झाकणं नव्हती. टाक्यांवरच्या चौघांनी शेडचे उरलेले पत्रे आणून वर टाकले, त्यावर पोती घातली. इतकी वर्षं त्या टाक्या उघड्याच वाफाळत होत्या आणि आम्ही त्यांच्याभोवती घाम पुसत फिरत होतो. झाकणाची गोष्ट मला कधीच सुचली नव्हती, कारण उघड्या टाकीतला रंग बघायची मला सवय होती.

मामांना मात्र ब्रिकेटने दमवलं. कोळसा ते भरपूर टाकून अर्धा तास गप्प बसायचे. हे पटकन पेटतं आणि पटकन संपतं. दर पाच मिनिटांनी दार उघडून दोन-चार टाकायचे. एकदा जास्त टाकले तर चिमणीतून काळा लोट आला, आणि मागांच्या शेडमधून भाऊजी बाहेर येऊन आकाशाकडे बघून गेले. तीन वाजता मी मामांना थोडं बसायला सांगितलं.

"बसून काय करू? हे लेकरागत हाय. सारकं पायजे."

दुसरी धुलाई सुरू झाली तेव्हा अंगणात ब्रिकेटचे मोजून चाळीस-पन्नास तुकडे उरले होते. मी वाफेच्या काट्याजवळ उभी राहिले. मामा मला तिथून घालवतील असं वाटलं, पण ते दार उघडून ब्रिकेट टाकत राहिले. शेवटची लडी टाकीतून निघाली तेव्हा अंगणात सहा ब्रिकेट शिल्लक होते. मी ओल्या लडीवर पांढरा रुमाल दाबून धरला, मिनिटभर. उघडून बघितलं. रुमाल ओला होता, निळा नव्हता.

तो रुमाल मी भाऊजींच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी उलटसुलट करून बघितला.

"किती ब्रिकेट लागले?"

मी सांगितलं. मापून ठरवलं होतं त्याहून खूप कमी. ते त्यांच्या कोळशाच्या हिशेबाशी ताडून बघत राहिले आणि मी उभी राहिले, कारण बसले असते तर ते "बघू" म्हणाले असते.

"हे रोज बादल्या घेऊन करणार का तुम्ही?"

"पाइप टाकणार. दोन दिवसांचं काम. झाकणं करून घेणार. ब्रिकेटवर पत्र्याचं छप्पर, चारी बाजूंनी बंद. आणि दुधनीवाल्याशी वर्षाचं बोलणार, कारण उद्या सगळ्यांनाच कोळसा सोडावा लागला की तो भाव वाढवणार आहे."

"वाढवेलच."

"म्हणून आजच बोलायचं."

त्यांनी रुमाल घडी करून परत दिला. "दिवाळीपर्यंत," ते म्हणाले. "दिवाळीला पुन्हा बसू."

मला वर्षभर हवं होतं. पण तेरा माणसांना महिनाअखेरीऐवजी दिवाळी मिळाली, तर ते मी घेते. त्या दिवाळीला काय करायचं ते मी दसऱ्याला ठरवीन.

राहिलं होतं अक्काला सांगायचं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्यात जाऊन बसले आणि सरळ सांगितलं की गरम पाणी यापुढे बॉयलरला जाणार. कायमचं.

एकीने डब्याचं झाकण लावलं, मग दुसरीनेही. तेव्हा मला जे कळलं ते भरायला फॉर्ममध्ये जागा नव्हती. आमच्या चिमणीचा धूर कमी होणार होता आणि त्यातला थोडा या आठ घरांत वाटला जाणार होता. कोणाच्या चुलीत, कोणाच्या गॅस सिलिंडरमध्ये. कागदावर रंगखाना स्वच्छ दिसणार होता, आणि ते खोटंही नव्हतं.

अक्काने भाकरीचा तुकडा मोडला. "तो भुसा कुणाचा?"

"कुठला?"

"अंगणात पसरलाय तो. वाळला की काय करणार?"

"मामा म्हणतात उडतो, बॉयलरच्या जाळीवर टिकत नाही. टाकून द्यायचा."

"टाकू नका. आमच्याकडे भुशाची शेगडी आहे. आईच्या वेळची. मधे बाटली उभी धरून भुसा ठोकायचा, बाटली काढायची, खालनं पेटवायचं. दोन हंडे पाणी तापतं."

"घेऊन जा मग. सगळ्या घ्या."

"हा किती दिवस पुरणार? पुढच्या ट्रकचा चुरा पण आमचा."

"चुरा तुमचा."

"आणि शेगडी ठोकायला वेळ लागतो. साडेचारला सोडा."

"साडेचारला नाही. पावणेपाच."

"वहिनी, माझ्या घरी बाळंतीण आहे."

"तुझ्या घरी आहे, आठही जणींच्या नाही. तू महिनाभर साडेचारला जा. बाकीच्या पावणेपाचला."

"आणि महिन्यानंतर मी?"

"पावणेपाच."

तिने मान हलवली. ते होकारासारखं नव्हतं, पण नकारही नव्हता. बाकीच्यांनी तिच्याकडे बघून डबे पुन्हा उघडले.

पाइप टाकायला प्लंबर आला त्या दिवशी मी बँकेत गेले होते. परत आले तर काम थांबलेलं. अक्का भिंतीपाशी उभी होती आणि प्लंबर तिला सांगत होता की ड्रॉइंगमध्ये असा फाटा नाही. ती म्हणत होती, ड्रॉइंग ज्यांनी काढलं त्यांच्या हाताला रंग लागत नाही. ड्रॉइंग मी काढलं होतं. मी माझे हात बघितले. पंचवीस वर्षं मी रंग तोलते, चमच्याने.

"एक नळ राहू दे बाहेर," मी प्लंबरला म्हणाले. "अर्ध्या इंची. हात धुण्यापुरता."

"आणि कळशी लावली तर?" त्याने विचारलं.

"अर्ध्या इंचीखाली आठ कळश्या भरेपर्यंत पावणेपाचचे सव्वापाच होतील, ते त्यांना माहीत आहे," मी म्हणाले. अक्का लडींकडे निघून गेली, आणि प्लंबरने भिंतीला भोक पाडायला घेतलं.